गाठ कोणी मारली?

जुना बाइंडर पुन्हा शेतात उतरवायचा असेल, तर जाणकार माणूस आधी त्याच्या चाकांकडे बघत नाही. उंदरांनी कुरतडलेलं कॅनव्हास, कुजलेल्या फळ्या, जाम झालेल्या साखळ्या हे सगळं तो नंतरसाठी ठेवतो. आधी वाकून यंत्राच्या वरच्या अंगाला असलेली, दोन ओंजळींत मावेल एवढी एक जुळणी शोधतो. तिथे पक्ष्याच्या चोचीसारखा एक वाकडा लोखंडी तुकडा असतो. त्यावरून तो बोट फिरवतो. गंजून खरखरीत झालाय, की अजून गुळगुळीत आहे?

मी हे पहिल्यांदा एका व्हिडिओत पाहिलं. रात्रीचे दीड वाजले होते, ऑफिसचा एक बिल्ड अडकला होता आणि मी वेळ घालवत होतो. ओव्हरऑल घातलेले एक आजोबा त्या चोचीवरून बोट फिरवत होते. मग त्यांनी एक दातेरी चाक हाताने हळूहळू फिरवलं. चोच एकदा गर्रकन वळली, तिने जबडा उघडला, सुतळी पकडली, आणि पुढच्या क्षणी सुतळीला गाठ बसलेली होती. मी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा पाहिला. मग पाव वेगावर पाहिला. गाठ कशी पडली, हे मला तरीही कळलं नाही.

बाइंडर म्हणजे घोड्यांनी ओढायचं कापणी-बांधणी यंत्र. गहू, ओट, बार्ली अशी पिकं ते कापतं, त्यांच्या पेंढ्या करतं, प्रत्येक पेंढी सुतळीने बांधतं आणि बाजूला टाकतं. त्यात इंजिन नाही, मोटर नाही. 1880 च्या आसपास ते बाजारात आलं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं अमेरिका, कॅनडा आणि युरोपातला सुगीचा हंगाम त्याने चालवला. मग कंबाइन हार्वेस्टर आले आणि बाइंडर बांधाच्या कडेला, झाडाखाली गंजत पडले.

तरी ते संपले नाहीत. ओहायो, पेनसिल्व्हेनियातल्या काही अमिश वस्त्यांत आजही घोडे बाइंडर ओढतात. आयोवातल्या माउंट प्लेझंटला 1950 पासून आणि मिनेसोटातल्या रोलॅगला 1954 पासून जुन्या मळणी यंत्रांच्या जत्रा भरतात. तिथे जुन्या काळची कापणी-मळणी लोकांसमोर करून दाखवतात. इंग्लंडमध्ये गव्हाच्या काडाने घरं शाकारणाऱ्यांना काड अखंड लागतं. कंबाइनमधून ते चेचून निघतं. म्हणून तिथे उंच वाढणारा जुन्या वाणाचा गहू लावतात आणि तो जुन्या बाइंडरनेच कापतात, फक्त पुढे घोड्यांच्या जागी बहुतेकदा ट्रॅक्टर असतो.

या सगळ्यांना एकच प्रश्न सोडवावा लागतो: शंभर वर्षांची ती चोच गाठ मारेल का?

कापणं जमलं, बांधणं अडलं

कापणी यंत्राची गोष्ट नेहमी सायरस मॅकॉर्मिकपासून सांगतात. जुलै 1831, व्हर्जिनिया राज्य, स्टील्स टॅव्हर्न नावाच्या गावाजवळचं ओटचं शेत. बाविशीतला सायरस घोड्याने ओढलेलं यंत्र लोकांसमोर चालवून दाखवतो. त्याचे वडील रॉबर्ट बरीच वर्षं याच यंत्रामागे लागले होते आणि हरले होते. सायरसला पेटंट मिळालं 1834 मध्ये. त्याआधीच, 1833 च्या अखेरीस, ओबेड हसी या दुसऱ्या संशोधकाने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आणि त्याही आधी स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेलचं यंत्र शेतात चाललं होतं. त्याला घोडे मागून ढकलायचे. थोडक्यात, कापणी यंत्र कोणा एकाच्या डोक्यातून आलेलं नाही.

मॅकॉर्मिकच्या शेतावर ते यंत्र घडवताना सोबत आणखी एक माणूस होता, जो अँडरसन. तो मॅकॉर्मिक कुटुंबाचा गुलाम होता. त्याचं नाव इतिहासात टिकलं, पण पेटंटवर ते नाही. गुलाम माणसाला पेटंट मिळण्याची सोय तेव्हाच्या अमेरिकेत नव्हतीच.

यंत्राची कल्पना साधी होती आणि आजच्या कंबाइनमध्येही ती तशीच आहे. पुढे बोटांसारखे लोखंडी दाते असतात. त्यांच्या फटींतून त्रिकोणी पात्यांची पट्टी डावी-उजवीकडे झपाट्याने सरकते. वरून रहाटासारखी लाकडी फळ्यांची फिरकी पीक पात्यांवर ओणवं करते. पीक कापलं जातं आणि मागच्या फळीवर पडतं.

पण पुढे काय? कापलेला गहू तसाच पसरून ठेवला तर वाऱ्याने उडतो, पावसाने सडतो. त्याच्या पेंढ्या बांधाव्याच लागतात. आपल्याकडे ऊसतोडीत एकाने कोयता चालवायचा आणि दुसऱ्याने मागे मोळ्या बांधत जायचं, तसंच तिथेही होतं. यंत्र भराभर कापत पुढे जाई आणि मागे पाच-सहा माणसं वाकून, मूठभर काडाचाच बंद करून, पेंढ्या बांधत जात. यंत्राचा वेग वाढला तेवढी मागच्या माणसांची कंबर मोडली. एका टप्प्याची गती वाढवली की अडथळा पुढच्या टप्प्यात जाऊन बसतो, हे सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज बघतो.

इलिनॉयच्या मार्श बंधूंनी 1858 मध्ये एक मधला मार्ग काढला. कापलेलं पीक कॅनव्हासच्या फिरत्या पट्ट्यावरून वर चढवायचं आणि बांधणाऱ्या दोघांना यंत्रावरच उभं करायचं. चालणं वाचलं, वाकणं वाचलं. बांधणं मात्र हातानेच राहिलं.

1870 च्या दशकात तारेने बांधणारी यंत्रं आली. तार पिळली की ती तशीच राहते, त्यामुळे यंत्राला गाठ यायची गरज नव्हती. यंत्रं खपली, पण शेतकरी वैतागले. तारेचे तुकडे कडब्यातून गुरांच्या पोटात जायला लागले, मळणीतून पिठाच्या गिरण्यांपर्यंत पोचायला लागले. तार नको, सुतळी द्या, अशी मागणी होती. सुतळी मात्र पिळून भागत नाही. तिला गाठ मारावी लागते, आणि गाठ मारायला बोटं लागतात, असंच सगळे धरून चालले होते.

बोटांशिवाय गाठ

जॉन ॲपलबी हा विस्कॉन्सिनमधल्या शेतांवर काम करत मोठा झालेला मुलगा. अठराव्या वर्षी, 1858 च्या सुमारास, त्याने गाठ मारणाऱ्या चोचीचा पहिला नमुना केला असं सांगतात. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं, तो सैन्यात गेला. परत आल्यावर त्याने आधी तारेच्या बाइंडरवर काम केलं. आणि 1878-79 मध्ये, म्हणजे त्या पहिल्या नमुन्यानंतर वीसेक वर्षांनी, त्याच्या सुतळी-बाइंडरची पेटंटं झाली.

ते काम कसं चालतं, हे मला नंतर जुन्या माहितीपुस्तिकांमधली चित्रं बघून समजलं. सुतळीचं एक टोक वर एका खाचांच्या चकतीत पकडून ठेवलेलं असतं. तिथून सुतळी खाली येते आणि दाभणासारख्या वाकड्या, लांब सुईच्या नाकातून मागे डब्यातल्या गोळ्याकडे जाते. कापलेलं पीक वरून घसरत येऊन या उभ्या सुतळीवर साचतं. दोन-तीन लोखंडी हात त्याला सतत कोंबत राहतात. समोर एक अडसर असतो, स्प्रिंगने ताणलेला. पीक पुरेसं घट्ट झालं की अडसर मागे ढकलला जातो, आणि त्याच क्षणी पूर्ण जुळणी हालचालीत येते.

सुई खालून वर उसळते. ती सुतळी पेंढीभोवती फिरवते आणि दुसरा पदर पहिल्या पदराशेजारी, चोचीवर आडवा नेऊन ठेवते. चकती थोडी फिरते आणि दोन्ही पदर घट्ट धरते. मग चोच स्वतःभोवती एक फेरा घेते. तिच्या अंगावर सुतळीचा वेढा बसतो. फेऱ्याच्या शेवटी तिचा जबडा उघडतो, दोन्ही पदर तोंडात घेतो आणि मिटतो. एक छोटी सुरी चकती आणि चोचीच्या मधली सुतळी कापते. आता मागून आलेले हात पेंढीला बाहेर ढकलतात. पेंढी जाताना चोचीवरचा वेढा ओढून घेते, तो वेढा चोचीच्या तोंडात धरलेल्या टोकांवरून घसरतो आणि आवळला जातो. गाठ बसते. सुई खाली जाते आणि पुढच्या पेंढीसाठी सुतळी पुन्हा तयार असते.

म्हणजे गाठ शेवटी आवळते ती जाणारी पेंढीच. चोच फक्त वेढा घेते आणि टोकं धरून ठेवते. चोच खरखरीत असेल तर वेढा तिच्यावरून घसरत नाही. ते आजोबा सगळ्यात आधी बोट का फिरवत होते, ते मला इथे कळलं.

एक तपशील मला फार आवडतो. चोचीने एका पेंढीमागे एकच फेरा घ्यायचा आहे, बाकी वेळ गप्प राहायचं आहे. तिला हे कोण सांगणार? तिला फिरवणाऱ्या मोठ्या चाकाच्या कडेला सगळीकडे दाते नाहीत, थोड्याच भागात आहेत. तो भाग समोर आला की चोच फिरते. गुळगुळीत कड समोर असेपर्यंत थांबते. ‘थांब’ ही सूचना दाते गाळून लिहिली आहे. आणि ‘पेंढी घट्ट झाली असेल तरच’ ही अट एका स्प्रिंगमध्ये आहे. 1870 च्या दशकातला हा प्रोग्राम आहे, बिडात ओतलेला.

विल्यम डिअरिंग या कारखानदाराने ॲपलबीच्या यंत्रावर आपला धंदा पणाला लावला. सुतळी-बाइंडर विकायचा तर शेकडो मैल लांब, एकसारखी सुतळी हवी होती, आणि तशी सुतळी कोणी करत नव्हतं. त्याने फिलाडेल्फियातल्या एडविन फिटलर या दोरखंडवाल्याला ती करायला लावली. 1880 च्या हंगामात डिअरिंगचे सुमारे तीन हजार सुतळी-बाइंडर शेतात गेले. पुढच्याच वर्षी मॅकॉर्मिकनेही ॲपलबीच्या पेटंटचा परवाना घेतला. तारेचा खेळ संपला.

फरक किती पडला? अमेरिकी कृषिखात्याचा हिशेब असा आहे: 1830 च्या सुमारास विळा आणि हाताने झोडपणी करून पाच एकरांतला 100 बुशेल, म्हणजे साधारण 27 क्विंटल गहू काढायला पेरणीपासून मळणीपर्यंत 250 ते 300 तासांचं माणसाचं काम लागे. 1890 च्या सुमारास तेवढ्याच गव्हाला 40 ते 50 तास पुरत. हा फरक एकट्या बाइंडरचा नाही. सुधारलेले नांगर, पेरणी यंत्रं, मळणी यंत्रं यांचाही त्यात वाटा आहे. पण सुगीच्या त्या मोजक्या दिवसांत जो तिढा होता, तो या गाठीने सोडवला.

कोठारातून शेतात

शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र आज दुरुस्त होऊ शकतं, याचं मुख्य कारण ते उघडं आहे. झाकण काढायची गरजच नाही. प्रत्येक बिडाच्या भागावर ओततानाच अक्षर आणि आकडा उठवलेला असतो. भाग तुटला तर तो आकडा वाचायचा, जुन्या सुट्या भागांच्या यादीत शोधायचा आणि दुसऱ्या भंगारातल्या यंत्रावरून तोच भाग काढून आणायचा. दोन मेलेल्या बाइंडरमधून एक जिवंत करणं, ही या छंदातली नेहमीची पद्धत आहे.

साखळीही अशीच. 1874 मध्ये विल्यम इवर्ट याने सुट्या कड्यांच्या साखळीचं पेटंट घेतलं. तिची कडी एका विशिष्ट कोनात वाकवून बाजूला सरकवली की हातानेच सुटते, तशीच बसतेही. शेताच्या मधोमध साखळी तुटली तर हातोडीही न लागता नवी कडी घालून काम पुढे चालू.

दुरुस्तीचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल सगळ्या सांध्यांत सोडून दिवसेंदिवस मुरू द्यायचं. घाई करून हातोडा मारला की बीड तडकतं. मग तेलाची भोकं टाचणीने साफ करायची. शंभर वर्षांचं काळं ग्रीस त्यांत दगडासारखं बसलेलं असतं. फिरकीच्या फळ्या, घोडे जुंपायचा दांडा हे लाकडी भाग सहसा नवेच करावे लागतात. कॅनव्हासचे पट्टे तर नक्कीच नवे: आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेलं, चामड्याच्या वाद्या लावलेलं कापड. ते घातल्यावर ज्या रुळांवर ते फिरतं, ते एकमेकांना समांतर आहेत का, हे काठीने तिरकं मापून बघायचं. चौकट किंचित जरी तिरकी असली तरी कापड एका बाजूला सरकत जातं आणि फाटतं.

शेवटी नॉटर, म्हणजे ती गाठीची जुळणी. चोच बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखी करायची. सुरीला धार लावायची. मग सुतळी ओवून, अडसर हाताने दाबून, जुळणी अगदी हळू फिरवायची. गाठ पडली नाही तर जमिनीवर पडलेला सुतळीचा तुकडा उचलायचा. तोच सांगतो, चूक कुठे झाली. दोन टोकांपैकी एकालाच गाठ असेल तर दुसरं टोक चकतीतून आधीच निसटलं होतं. चकतीची पकड घट्ट करायची. टोकं कुस्करलेली असतील तर पकड जास्त झाली आहे. जुन्या माहितीपुस्तिकांत अशा फसलेल्या गाठींची चित्रंच दिलेली असत. एरर लॉग वाचायची यापेक्षा चांगली पद्धत मी तरी पाहिलेली नाही.

मग शेत. बेल्जियन किंवा पर्शेरॉन जातीचे भारी घोडे, सात फुटी यंत्राला तीन, आठ फुटीला चार. यंत्राची सगळी ताकद एका मोठ्या रुंद लोखंडी चाकातून येते. ते जमिनीवर फिरतं आणि त्यावरच पातं, फिरकी, कॅनव्हास, सुई, चोच सगळं चालतं. त्यामुळे घोडे थांबले की सगळं थांबतं. जमीन ओली असली की चाक नुसतं घसरतं आणि काहीच चालत नाही. सकाळचं दव उडाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. संध्याकाळी कॅनव्हासच्या वाद्या सैल करायच्या, नाहीतर रात्रीच्या ओलाव्याने कापड आक्रसून फळ्या मोडतात. पीक पूर्ण वाळायच्या थोडं आधी कापायचं, म्हणजे दाणे झडत नाहीत. मागून येणारी माणसं आठ-दहा पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात, वर एक आडवी पेंढी टोपीसारखी ठेवतात. पीक असं उभ्याने वाळतं.

घोडा सावकाश, एका चालीत चालला पाहिजे. तो दचकून थबकला की पेंढी अर्धवट राहते. अमिश शेतकऱ्याला हे लहानपणापासून येतं. छंद म्हणून करणाऱ्याला यंत्र दुरुस्त करायला एक हिवाळा पुरतो, घोड्यांशी जुळवून घ्यायला मात्र कैक वर्षं जातात.

आजच्या कंबाइनशी याची तुलना मनात येतेच. त्यातला सेन्सर रुसला की यंत्र थांबतं, आणि तो दोष पुसायचं सॉफ्टवेअर बहुतेकदा विक्रेत्याकडेच असतं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीवर दुरुस्तीची मक्तेदारी केल्याचा आरोप ठेवून दावा दाखल केला. मी स्वतः असंच, बाहेरून न दिसणारं काहीतरी लिहून पगार घेतो. त्यामुळे बाइंडरचं ते उघडं अंग बघताना थोडी लाजही वाटते.

पण इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट फार गोड झाली असती. यंत्राने आत काही लपवलेलं नाही हे खरं. बिडाचा तो भाग आणि ती सुतळी कुठून आली, हे विचारलं की चित्र बदलतं.

आकडा उठवलेलं बीड

मॅकॉर्मिकने 1847 मध्ये शिकागोत कारखाना काढला. बिडाचे भाग ओतणारे साचेकार हे तिथले सगळ्यात कसबी आणि सगळ्यात संघटित कामगार. ओल्या वाळूत साचा कसा दाबायचा हे त्यांच्या हातात होतं, म्हणून मालकाला त्यांचं ऐकावं लागे. 1885 मध्ये त्यांनी संप करून पगारकपात मागे घ्यायला लावली. त्यानंतर कंपनीने साचे दाबणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आणली आणि संघटनेतले साचेकार बाहेर गेले.

1 मे 1886 ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकाभर संप झाला. 3 मे रोजी मॅकॉर्मिकच्याच फाटकाबाहेर संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्याच्या निषेधाची सभा 4 मे रोजी हेमार्केट चौकात झाली, तिथे बॉम्ब फुटला, आणि पुढच्या वर्षी चार जणांना फाशी झाली. आपण 1 मे हा महाराष्ट्र दिन म्हणून पाळतो, आणि कामगार दिन म्हणूनही. त्या दिवसाच्या मुळाशी असलेला कारखाना कापणी यंत्रांचा होता, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

सुतळीचं दुसरं टोक

सुतळी सुरुवातीला फिलिपाइन्समधून येणाऱ्या मनिला हेंपची असे. ती महाग पडायची. स्वस्त तंतू मिळाला तो मेक्सिकोच्या युकातान प्रांतात. तिथल्या खडकाळ, कोरड्या जमिनीत एनेकेन नावाची काटेरी वनस्पती वाढते. तलवारीसारखी पानं, कडेला काटे. त्याच किनाऱ्यावरच्या सिसाल या बंदरातून तिचा माल बाहेर जाई, म्हणून अशा तंतूला जगभर सिसल म्हणू लागले.

उत्तरेकडे बाइंडर वाढले तसे युकातानमधले मळे वाढले. मेरिदा शहरात मळेवाल्यांचे वाडे उभे राहिले. मळ्यात काम करणारे बहुतेक माया लोक होते. मालकाच्या दुकानातून उधारीवर धान्य घ्यायचं, लग्नाला उचल घ्यायची, आणि ते कर्ज फिटेपर्यंत मळा सोडायचा नाही. कर्ज फिटत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर मेक्सिकोतल्या याकी लोकांचं बंड मोडताना सरकारने हजारो याकी माणसांना पकडून याच मळ्यांवर पाठवलं. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकी पत्रकाराने 1909 पासून याबद्दल लिहिलं आणि या व्यवस्थेला सरळ गुलामी म्हटलं.

1902 मध्ये मॅकॉर्मिक, डिअरिंग आणि आणखी तीन कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही प्रचंड कंपनी झाली. त्याच वर्षी तिने युकातानचा बडा व्यापारी आणि गव्हर्नर ओलेगारिओ मोलिना याच्या पेढीशी गुप्त करार केला. उद्देश होता एनेकेनचा भाव खाली आणणं. कर्जाची ही वेठ मोडली ती मेक्सिकन क्रांतीच्या काळात, 1914-15 च्या सुमारास. तिकडे अमेरिकेतही काही राज्यांनी सुतळीचा भाव उतरवायला कैद्यांना कामाला लावलं. मिनेसोटातल्या स्टिलवॉटरच्या तुरुंगात 1890 च्या दशकापासून बाइंडरची सुतळी बनत होती.

कान्सासच्या शेतात ज्या यंत्राने पेंढ्या बांधणाऱ्यांना मोकळं केलं, त्याच्या सुतळीसाठी युकातानमध्ये माणूस कर्जाने बांधला गेला होता. तिथली पानं कोयत्याने एकेक कापून, मोजून, हातानेच भारे बांधून न्यावी लागत. त्या कामाला कोणी नॉटर काढला नव्हता.

एनेकेन आपल्याला परका नाही. आपल्याकडे बांधावर, रेल्वेच्या कडेला दिसणारं घायपात त्याच कुळातलं, मेक्सिकोतूनच जगभर गेलेलं. त्याची पानं कुजवून, ठेचून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या लोकांनी केलं. नाडा, कासरा, दावं, सगळं त्यांनी वळलं. गावगाड्याने त्या दोरांवर बैल बांधले, आणि ते वळणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलं.

पुन्हा चोचीकडे

ॲपलबीची चोच संपलेली नाही. आज आपल्याकडेही उसाचं पाचट गोळा करून चौकोनी गठ्ठे बांधणारी बेलर यंत्रं ट्रॅक्टरमागे दिसतात. त्यांच्या वरच्या अंगाला झाकणाखाली बघा, त्याच घराण्यातली चोच आत फिरत असते. जर्मनीतल्या क्लास कंपनीचं नाव झालं, तेही 1921 मध्ये पेटंट घेतलेल्या नॉटरमुळेच.

जुना बाइंडर चालवणाऱ्यांना मात्र बेलरची जाड सुतळी चालत नाही, ती चोचीत अडकते. त्यांना बारीक सुतळी शोधावी लागते, एका पौंडात पाचशे फूट भरणारी. ती आता युकातानमधून क्वचितच येते. सिसल पिकवण्यात ब्राझील कधीच पुढे गेला. पान कापणारे हात आजही कुठेतरी आहेतच.

तो व्हिडिओ मी अलीकडे पुन्हा पाहिला. यंत्र शेतात उतरलंय, तीन घोडे एका चालीत चालतायत, पेंढ्या टपाटप पडतायत. मध्येच आजोबा घोडे थांबवतात. डब्यातला सुतळीचा गोळा संपत आलेला असतो. ते नवा गोळा ठेवतात, जुन्याचं शेवटचं टोक आणि नव्याचं पहिलं टोक जवळ घेतात आणि जाड बोटांनी, सुईच्या नाकातून जाईल इतकी बारीक गाठ मारतात. ही एक गाठ यंत्राला येत नाही. ती अजून हातानेच मारावी लागते.